पिशवी काढली म्हणजे नेमकं काय काढलं? ऑपरेशनच्या फॉर्मवरचे शब्द असे वाचा

मे १९९५. दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित महिला पाळीच्या तक्रारीसाठी एका खासगी क्लिनिकमध्ये गेली. रक्तस्राव बरेच दिवस थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी भूल द्यायचं ठरलं आणि तिने संमतीच्या फॉर्मवर सही केली. त्या फॉर्मवर प्रक्रियेचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. आधी डायग्नोस्टिक आणि ऑपरेटिव्ह लॅपरोस्कोपी आणि त्यापुढे, लॅपरोटॉमीची गरज पडू शकते.

ती शुद्धीवर आली तेव्हा तिचं गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि दोन्ही बीजवाहिन्या काढलेल्या होत्या. ती भुलीखाली असताना ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेण्यात आली होती.

हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या नावाने ते आज देशभरातल्या वैद्यकीय आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलं जातं. निकाल काय लागला ते पुढे येईलच. पण त्याआधी एक प्रश्न. त्या फॉर्मवरच्या दोन शब्दांमध्ये गर्भाशय काढण्याची परवानगी होती का?

उत्तर त्या शब्दांच्या शेपटीत आहे.

शेपटी पकडा, शब्द उलगडेल

नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा ओटी टेक्निशियनच्या पहिल्या वर्षाला मुलं शेकडो ऑपरेशनची नावं पाठ करत बसतात. खरं तर त्याची गरज नाही. ही नावं ग्रीक आणि लॅटिन शब्दांची जोडकामं आहेत. पुढचा तुकडा अवयव सांगतो, मागचा तुकडा त्या अवयवाचं काय करणार ते सांगतो. मागचे तुकडे जेमतेम सात-आठ. ते समजले की अर्धी फाईल वाचता येते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकसारख्या ऐकू येणाऱ्या तिघांचा. ऑटॉमी, एक्टॉमी आणि ऑस्टॉमी.

ऑटॉमी म्हणजे नुसतं कापणं, छेद देऊन उघडणं. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. ऑस्टॉमी म्हणजे तोंड तयार करणं. ग्रीक भाषेत स्टोमा म्हणजे तोंड. शरीरात एक नवी वाट उघडायची आणि ती काही काळ किंवा कायमची उघडी ठेवायची.

आता मोठ्या आतड्याचं उदाहरण घ्या. त्याचा ग्रीक तुकडा कोल. कोलेक्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याचा भाग किंवा पूर्ण आतडं काढणं. कोलोस्टॉमी म्हणजे आतड्याचं टोक पोटाच्या कातडीवर आणून तिथे तोंड करणं. शौच तिथून बाहेर लावलेल्या पिशवीत जमा होते. फॉर्मवर दोन अक्षरांचा फरक दिसतो, पण माणूस शुद्धीवर येतो तेव्हा पोटाला पिशवी लावलेली असते. ही पिशवी अनेकदा तात्पुरती असते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने आतडं पुन्हा जोडतात. पण ती तात्पुरती की कायमची, हे सहीआधी विचारलेलं बरं.

मेंदूच्या बाबतीतही तसंच. लोबोटॉमी म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाच्या जोडण्या कापणं, लोबेक्टॉमी म्हणजे एखाद्या अवयवाचा अख्खा खंड काढून टाकणं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा लोबेक्टॉमी हाच शब्द ऐकू येतो.

उरलेल्या शेपट्या सोप्या आहेत. स्कोपी म्हणजे पाहणं. ऱ्हाफी म्हणजे शिवणं. पेक्सी म्हणजे सुटलेला अवयव जागेवर पक्का करणं. सेंटेसिस म्हणजे सुई टोचून पाणी काढणं. आणि प्लास्टी म्हणजे आकार देणं, घडवणं.

प्लास्टीवरून एक गैरसमज. प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक वापरत नाहीत. ग्रीक प्लास्टिकॉस म्हणजे घडवता येणारं. जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी ऱ्हायनोप्लास्टिक म्हणजे नाक घडवण्यावरचं पुस्तक १८१८ साली काढलं, तेव्हा बेकेलाइट हे कृत्रिम प्लास्टिक यायला जवळपास नव्वद वर्षं बाकी होती. आणि नाकाच्या या ऑपरेशनची बातमी युरोपात पोहोचली ती पुण्याहून. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने ऑक्टोबर १७९४ मध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिकत छापली. इंग्रजांच्या नोकरीत असलेल्या कावसजीचं नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापलं होतं, आणि पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा उभं केलं. ती हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने अनेक वर्षं अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनला तसं ऑपरेशन केलं.

पोटात डोकावणं आणि पोट उघडणं

लॅपरो हा तुकडा ग्रीक लापारा या शब्दातून आला. बरगड्या आणि कंबरेचं हाड यांच्या मधला मऊ भाग. मराठीत आपण त्याला कूस म्हणतो.

म्हणून लॅपरोस्कोपी म्हणजे पोटात पाहणं आणि लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणं. पहिल्यात बेंबीपाशी आणि आसपास छोटी छिद्रं पाडून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं आत घालतात. यालाच आपल्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. दुसऱ्यात पोटावर मोठा छेद.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. फुगवलं नाही तर आत हत्यारं हलवायला जागाच नसते. हाच वायू का? कारण तो पेट घेत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. ऑपरेशन पोटाचं झालं आणि दुखतोय खांदा, अशी तक्रार पुढचे एक-दोन दिवस अनेक जण करतात. त्यामागे हाच वायू असतो. तो श्वासपटलाला डिवचतो, आणि श्वासपटलाची नस मानेतून जिथून निघते तिथूनच खांद्याच्या नसाही निघतात. मेंदूची गल्लत होते.

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय पहिल्यांदा या पद्धतीने काढलं. भारतात हे पहिल्यांदा झालं मुंबईत. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी केली. हा भलामोठा शब्द आता तुम्हीच फोडून बघा. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढणं.

फॉर्मवर लॅपरोटॉमीची गरज पडू शकते असं लिहिण्यात गैर काहीच नाही. उलट ते प्रामाणिकपणाचं आहे. आत अवयव एकमेकांना चिकटलेले निघाले, रक्तस्राव आटोक्यात येईना, नीट दिसेना, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. याला कन्व्हर्जन म्हणतात. नातेवाईक बाहेर ते ऐकून घाबरतात, ऑपरेशन फसलं असं समजतात. पण वेळेत घेतलेला हा निर्णय बहुतेकदा शहाणपणाचा असतो.

पण लॅपरोटॉमी या शब्दात फक्त पोट उघडण्याची परवानगी आहे. आतलं काही काढायची नाही. त्यासाठी शेपटी एक्टॉमी हवी.

पिशवी म्हणजे काय काय?

हा मुद्दा महाराष्ट्रात तर जास्तच महत्त्वाचा. पिशवी काढली, हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कामाचे दिवस बुडू नयेत, पाळीची कटकट संपावी, कॅन्सर होईल अशी घातलेली भीती, अशी अनेक कारणं तेव्हा समोर आली. त्या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडली. पिशवी काढलेल्या बाईला नेमकं काय काढलं हे माहीत असतं का?

वैद्यकीय भाषेत पिशवी हा एक शब्द नाही. हिस्टर म्हणजे गर्भाशय, म्हणून हिस्टेरेक्टॉमी. (हिस्टेरिया हा शब्दही इथलाच. बायकांच्या सगळ्या मानसिक त्रासाचं मूळ गर्भाशयात आहे असं जुन्या ग्रीकांना वाटायचं.) साल्पिंक्स म्हणजे तुतारी. बीजवाहिनीचं टोक तुतारीसारखं पसरट असतं, म्हणून ती काढणं म्हणजे साल्पिंजेक्टॉमी. ऊफोर म्हणजे अंडं वाहणारं, अर्थात अंडाशय. ते काढणं म्हणजे ऊफोरेक्टॉमी. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचं.

यातला सगळ्यात फसवा शब्द आहे टोटल. टोटल हिस्टेरेक्टॉमी म्हटलं की सगळं काढलं असं वाटतं. प्रत्यक्षात टोटल म्हणजे गर्भाशय आणि त्याचं तोंड. तोंड ठेवलं तर ती सबटोटल. अंडाशयांचा टोटलशी काहीही संबंध नाही. ती काढली असतील तर कागदावर ऊफोरेक्टॉमी वेगळं लिहिलेलं असायला हवं. फाईलवर हे बहुतेकदा आद्याक्षरांत येतं. टीएएच म्हणजे पोटावर छेद देऊन केलेली टोटल हिस्टेरेक्टॉमी, आणि त्यापुढे बीएसओ असेल तर दोन्ही अंडाशयं आणि बीजवाहिन्याही गेल्या.

ही बारकाव्याची हौस नाही. फक्त गर्भाशय गेलं तर पाळी थांबते, पण अंडाशयं हार्मोन तयार करत राहतात. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, एका दिवसात येते. अंगातून गरम वाफा, झोप उडणं, कोरडेपणा, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं. अशा बाईला हार्मोन द्यायचे का, हाडांची तपासणी कधी करायची, हे पुढच्या डॉक्टरला ठरवावं लागतं. त्याला फक्त पिशवी काढली एवढंच सांगितलं तर तो काय ठरवणार?

न्यायालय काय म्हणालं

समीरा कोहली यांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला आणि चित्र बदललं.

न्यायालयाने फॉर्मवरचे शब्द शब्दशः वाचले. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराच्या शस्त्रक्रियेसाठीची संमती नाही. एका प्रक्रियेची संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, मग ती दुसरी प्रक्रिया रुग्णाच्या भल्याची असली तरीही. अपवाद एकच. जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्य राखण्यासाठी ती तातडीने करावी लागली आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणं योग्य नसेल तर. इथे अशी घाई नव्हती. आणि आईच्या परवानगीचं काय? रुग्ण सज्ञान आहे, स्वतः निर्णय घेऊ शकते, फक्त काही तास भुलीखाली आहे. अशा वेळी दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही.

डॉक्टरचा हेतू वाईट होता किंवा ऑपरेशन चुकीचं केलं, असं न्यायालयाने म्हटलं नाही. त्यामुळे भरपाई २५ हजार रुपयेच ठरली, आणि त्या शस्त्रक्रियेची फी घेता येणार नाही असं सांगितलं. रक्कम पाहून अनेकांना निराशा वाटेल, आणि ती रास्तच आहे. पण या निकालाने भारतात संमतीची चौकट घालून दिली. प्रक्रिया काय, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि केलीच नाही तर काय होईल, हे रुग्णाला सांगायचं. डॉक्टरांनी पुढचा विचार करून तपासणी आणि गरज पडल्यास अमुक शस्त्रक्रिया अशी एकत्र संमती आधीच घेतली तर तीही चालते. पण त्या अमुकचं नाव कागदावर पाहिजे.

फाईलवरचे बाकीचे शब्द

इलेक्टिव्ह या शब्दाने बरेच जण गडबडतात. इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक, नाही केलं तरी चालेल, असा अर्थ लावतात. तसं नाही. इलेक्टिव्ह म्हणजे तारीख ठरवून करता येणारी शस्त्रक्रिया. कॅन्सरची गाठ काढणंही इलेक्टिव्ह असू शकतं.

एनबीएम म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही. सर्वसाधारणपणे हलकं जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ हीच अंतिम. कारण रिकाम्या पोटी औषध बरं लागतं वगैरे नाही. भुलीत घशाचा नैसर्गिक बचाव सुटतो, पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं आणि त्याने जीवही जातो. म्हणून, मुलाने सकाळी दोन बिस्किटं खाल्ली तर ते लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं जाईल इतकंच.

आय अँड डी म्हणजे छेद देऊन पू काढणं, आपल्या भाषेत गळू फोडणं. एलएससीएस म्हणजे सिझर. बायोप्सी म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. अनेकदा तो नाही हे नक्की करायलाच ती सांगतात. सीएबीजी म्हणजे हृदयाची बायपास, आणि डॉक्टर लोक तिचा उच्चार चक्क कॅबेज असा करतात. कॉरिडॉरमध्ये उद्या दोन कॅबेज आहेत असं ऐकू आलं तर ते भाजीबद्दल बोलत नाहीत.

टाक्यांच्या दोऱ्याचं गणित उलटं असतं. शून्यं जितकी जास्त तितका दोरा बारीक. टू-झिरोपेक्षा फाइव्ह-झिरो नाजूक. डोळ्याच्या ऑपरेशनला लागणारा टेन-झिरो केसापेक्षाही बारीक असतो. विरघळणारे टाके वेगळे आणि काढायचे टाके वेगळे, तुम्हाला कोणते घातलेत ते घरी जाण्याआधी विचारून घ्या.

थिएटरमधली मोजणी

ऑपरेशनमधला सगळा थरार चाकूत असतो असं सिनेमे दाखवतात. पण थिएटरमध्ये शिकायला आलेल्या नर्सिंगच्या मुलींना पहिल्याच दिवशी जे शिकवतात ते असतं मोजायला. रक्त टिपायचे कापडी मॉप, गॉज, सुया, हत्यारं. सुरुवातीला किती होती, पोट बंद करण्याआधी किती आहेत. निर्जंतुक हातांनी हत्यारं देणारी ती स्क्रब नर्स, बाहेरून सामान पुरवणारी आणि नोंद ठेवणारी ती सर्क्युलेटिंग नर्स. दोघी मिळून मोठ्याने मोजतात. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही ज्येष्ठ असो, टाके घालणं थांबतं. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो तो याचसाठी.

तरी कधी तरी मॉप आत राहतो. त्याभोवती तयार होणाऱ्या गाठीला नाव आहे गॉसिपिबोमा. लॅटिन गॉसिपियम म्हणजे कापूस आणि स्वाहिली बोमा म्हणजे लपण्याची जागा. ग्रीकांच्या या दुनियेत आफ्रिकेचा एक शब्द असा शिरला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी अशा तीन थांब्यांवर ती मोठ्याने वाचायची. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच ना, अ‍ॅलर्जी आहे का, मोजणी जुळली का. हे काम ज्यांच्या पुढाकाराने झालं ते अमेरिकन सर्जन अतुल गवांदे मूळचे आपल्याकडचे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत चेकलिस्ट वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही, एक कागद.

रुग्णही या साखळीत असतो. भूल देण्याआधी कुणी तुमचं नाव, कुठलं ऑपरेशन, डावं की उजवं असं चौथ्यांदा विचारलं तर चिडू नका. तेवढ्यासाठीच विचारतात.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव असतं. ते लिहून घ्या, आद्याक्षरं असतील तर पूर्ण रूप विचारा. शरीरातून काढलेला भाग सहसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो आणि त्याचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट काही दिवसांनी येतो. टाके सुकले, दुखणं थांबलं, की अनेक जण तो आणायला फिरकतच नाहीत. साधं अपेंडिक्स किंवा पित्ताशय काढलं असलं तरी तो रिपोर्ट आणा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण क्वचित कॅन्सरचं पहिलं निदान त्याच कागदावर होतं.

आणि कागद मिळत नसतील तर लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरने वैद्यकीय नोंदी द्यायच्या असतात. तुम्ही सही केलेला संमतीचा फॉर्मही त्यात मागून घ्या.